एक लाख एकाहत्तर हजार डॉलरचा ठराव

२६ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात एका ठरावावर सही झाली. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. कारभार राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या हाती होता आणि सही करणारे होते त्या पदावरचे एडवर्ड कुर्ट्झ. ठरावाचा विषय अगदी रुक्ष होता: शहराचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र पूर्णवेळ चालू करण्यासाठी अभियांत्रिकी सल्लागाराची नेमणूक, खर्चाची मर्यादा १,७१,००० डॉलर. नेमलेली कंपनी लॉकवूड, अँड्र्यूज अँड न्यूनॅम. तिला सगळे आद्याक्षरांवरून ‘लॅन’ म्हणतात. स्पर्धात्मक प्रस्ताव मागवले गेले नाहीत, थेट एकाच कंपनीला काम दिलं गेलं. आपल्याकडच्या सरकारी भाषेत याला नामनिर्देशन म्हणतात.

पुढच्या अडीच वर्षांत या शहराचं नाव जगभर झालं ते नळातून आलेल्या शिशामुळे. ती गोष्ट बहुतेकांनी वर्णभेदाची, गरिबीची किंवा राज्य सरकारच्या बेफिकिरीची म्हणून वाचली आहे. तशी ती आहेच. इथे मात्र मी ती नेमणुकीची फाईल म्हणून वाचणार आहे. सल्लागार कसा निवडला, त्याला नेमकं काय विचारलं, आणि काय विचारायचं राहून गेलं? फ्लिंटने सल्लागार दोनदा निवडला. पहिल्यांदा प्रस्ताव न मागवता आणि दुसऱ्यांदा रीतसर मागवून. दोन्ही वेळा नळातलं शिसं कागदाबाहेरच राहिलं. त्यामुळे ‘निविदा काढली असती तर हे टळलं असतं’ असं म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही.

दोन वर्षांची पोकळी

जनरल मोटर्सचा जन्म फ्लिंटमध्ये झाला, १९०८ साली. १९६० च्या सुमारास शहरात जवळजवळ दोन लाख लोक राहत होते. कारखाने बंद होत गेले आणि २०१३ पर्यंत वस्ती साधारण एक लाखावर आली. नळांचं जाळं मात्र दोन लाखांच्या मापाचंच राहिलं. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण मोठ्या नळांतून कमी पाणी वाहतं तेव्हा ते नळांत जास्त वेळ मुरतं, क्लोरीन वाटेतच संपतो आणि शेवटच्या घरापर्यंत पोचणारं पाणी केंद्रातून निघालेल्या पाण्यासारखं राहत नाही. पुढे जे घडलं त्याची अर्धी बीजं या एका विसंगतीत होती.

१९६७ पासून शहर डेट्रॉइटकडून तयार शुद्ध पाणी विकत घेत होतं. मूळ स्रोत ह्युरॉन सरोवर. फ्लिंटचं स्वतःचं केंद्र १९५२ सालचं. ते राखीव ठेवलेलं होतं आणि वर्षातून मोजक्या वेळा चालवून पाहिलं जाई. डेट्रॉइटचे दर चढत होते, म्हणून आजूबाजूच्या भागांनी मिळून कारेगनाँडी जल प्राधिकरण उभं केलं. ह्युरॉन सरोवरातून स्वतःची वाहिनी टाकून कच्चं पाणी आणायचं, ही योजना. २५ मार्च २०१३ रोजी नगर परिषदेने सात विरुद्ध एक मतांनी त्यात सामील व्हायचं ठरवलं. एप्रिलमध्ये डेट्रॉइटने करार संपवण्याची एक वर्षाची नोटीस दिली.

नवी वाहिनी वर्षभरात होणार नव्हती. मधली दोन-अडीच वर्षं काय प्यायचं? डेट्रॉइटशी नव्या अटींवर बोलणी करून तिथलंच पाणी घेत राहणं हा एक रस्ता होता. दुसरा रस्ता म्हणजे शहरातून वाहणारी फ्लिंट नदी आणि राखीव पडलेलं केंद्र. शहराने दुसरा धरला. कारेगनाँडीचं कच्चं पाणी आलं की ते शुद्ध करायला केंद्र लागणारच होतं, त्यामुळे त्यावरचा खर्च वाया जाणार नाही असा हिशेब होता. कागदावर तो पटण्यासारखाच आहे.

पहिली निवड

‘एकाच कंपनीला थेट काम’ हे शब्द ऐकले की आपण लगेच संशय घेतो. तो बाजूला ठेवून शहराची बाजू आधी मांडू. वेळ दहा महिन्यांचा. प्रस्ताव मागवायचे, तपासायचे, वाटाघाटी करायच्या, यात दोन-तीन महिने सहज जातात. लॅनला हे केंद्र माहीत होतं. २०११ साली रो या स्थानिक अभियांत्रिकी कंपनीने लॅनच्या साथीने फ्लिंट नदी कायमचा स्रोत म्हणून चालेल का यावर शहरासाठी अहवाल केला होता. कारेगनाँडी प्रकल्पाच्या आखणीतही लॅनचा हात होता. जून २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच प्रस्ताव दिला. केंद्र ओळखीचं, नदी अभ्यासलेली, पुढचा प्रकल्पही परिचयाचा. कोणत्याही कार्यकारी अभियंत्याला यापेक्षा सोयीचा सल्लागार कुठे मिळेल?

ओळख हा निवडीचा खरा निकष आहे आणि मी तो कधीच हसण्यावारी नेणार नाही. जुन्या केंद्राच्या झडपा, गळती, भिंतीआडचे नळ आणि नकाशात नसलेल्या जोडण्या ज्याला माहीत आहेत, तो पहिल्या महिन्यातच नवख्याच्या कितीतरी पुढे असतो. पण ओळखीची एक किंमत असते. ज्याने नदीचा अहवाल केला आणि वाहिनीच्या आखणीतही काम केलं, त्याच्याकडून ‘नदीचं पाणी सध्या घेऊ नका’ हे उत्तर येण्याची शक्यता कमी होते. यात अप्रामाणिकपणा असतोच असं नाही. ज्या रस्त्यावर आपण दोन वर्षं चाललो तो रस्ता बरोबर आहे, असं माणसाला वाटतंच. नामनिर्देशनाने नेमताना म्हणूनच एक त्रयस्थ परीक्षक जोडायचा असतो, निदान महिनाभरासाठी. ठरावात तसा कुणी नव्हता.

दुसरी गोष्ट रकमेची. एक लाख माणसांना पूर्णवेळ पाणी देणारं केंद्र, जे जवळजवळ पन्नास वर्षं पूर्णवेळ चाललेलं नाही, ते नव्या स्रोतावर चालू करायचं. त्यासाठी १,७१,००० डॉलर. पुढे कामं वाढत गेली आणि सल्लागाराची रक्कम फेरबदलांमधून काही दशलक्ष डॉलरांपर्यंत गेली. सुरुवातीची रक्कम लहान असली की दोन गोष्टी घडतात. ठराव पटकन मंजूर होतो. आणि त्या रकमेत न मावणारे प्रश्न आपोआप पुढच्या टप्प्यावर ढकलले जातात. फेरबदलाच्या प्रत्येक कागदाने एखादं काम वाढतं: पंप, टाकी, रसायनांची साठवण. कुणी फेरबदल मागून मूळ प्रश्न वाढवत नाही.

केंद्र आणि नळ

मूळ प्रश्न असा होता: केंद्र चालू करायला काय लागेल? या प्रश्नाची हद्द केंद्राच्या फाटकापाशी संपते. नागरिकाचा प्रश्न फाटकाबाहेर सुरू होतो. हे पाणी माझ्या घरापर्यंतच्या नळीतून आलं तर काय होईल?

इथे थोडं रसायन लागतं, आणि मला वाटतं सल्लागार निवडणाऱ्या प्रत्येक समितीतल्या एकाला तरी ते माहीत हवं. जुन्या शहरांत मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची नळी अनेकदा शिशाची असते. तिच्या आत वर्षानुवर्षं पाण्यातल्या क्षारांचा पापुद्रा बसतो आणि तो शिसं आणि पाणी यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राहतो. डेट्रॉइट आपल्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हे गंजरोधक घालत असे, आणि त्यामुळे शिशाचे अविद्राव्य फॉस्फेट तयार होऊन हा पापुद्रा घट्ट राही. फॉस्फेट थांबलं की पापुद्रा विरघळायला आणि सुटायला लागतो.

नदीच्या पाण्यात आणखी एक अडचण होती. शिशाच्या डाखाला आणि जोडांना पाणी किती गंजवेल याचा एक ढोबळ निर्देशांक म्हणजे क्लोराइड आणि सल्फेट यांचं वजनी गुणोत्तर. साधारण ०.५ च्या वर गेलं की काळजी करायची. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर मोजलं तेव्हा डेट्रॉइटच्या पाण्यात ते ०.४५ होतं आणि फ्लिंटच्या नव्या पाण्यात १.६. नदीत क्लोराइड मुळात जास्त, आणि गढूळपणा काढायला वापरलेलं फेरिक क्लोराइड त्यात भर घालत होतं. म्हणजे केंद्राच्या आत पाणी स्वच्छ करणारी कृतीच केंद्राबाहेर ते जास्त गंजकारक करत होती. ‘केंद्र चालू करा’ या कामात पहिली बाजू मोडते, दुसरी मोडत नाही.

या सगळ्यात मला सर्वात अस्वस्थ करणारा तपशील २०११ च्या अहवालाचा आहे. नदी कायमचा स्रोत झाली तर रसायनांवर किती खर्च येईल याचा हिशेब परिशिष्टात होता आणि त्यात गंजरोधक म्हणून फॉस्फेटची ओळ होती. म्हणजे माहिती फाईलमध्ये होती. २५ एप्रिल २०१४ रोजी नदीचं पाणी शहरात सोडलं तेव्हा मात्र फॉस्फेटची यंत्रणा नव्हती. या फॉस्फेटला दिवसाला शंभर-दीडशे डॉलर लागले असते असा अंदाज पुढे अनेकदा मांडला गेला.

मग ती ओळ गळाली कशी? कायदा असा होता: १९९१ च्या शिसं-तांबे नियमानुसार पन्नास हजारांपेक्षा मोठ्या वस्तीला पुरवठा करणाऱ्या यंत्रणेने गंजनियंत्रण ठेवायचंच. राज्याच्या पर्यावरण खात्याने त्याचा अर्थ असा लावला की नवा स्रोत आहे, तर आधी सहा-सहा महिन्यांच्या दोन फेऱ्या नमुने घ्या, मग ठरवा. चुकीचा अर्थ होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने परिपत्रक काढून हे स्पष्टच केलं, पण तोवर उशीर झाला होता. लॅनचं पुढे न्यायालयातलं म्हणणं असं की गंजनियंत्रणाचा विषय आम्ही मांडला होता, निर्णय शहराचा आणि राज्याचा होता.

तसं असेलही. पण इथे निवडीच्या कागदाचा संबंध येतो. करारात ‘गंजनियंत्रणाबाबत लेखी शिफारस, पाणी सोडण्याच्या अमुक दिवस आधी’ असं सल्लागाराने सादर करायचं एक काम ठेवलं असतं, तर मांडलं होतं की नव्हतं हा प्रश्नच उरला नसता. ज्या सल्ल्याला पान क्रमांक नसतो, तो दिला होता का यावर पुढे वकील पैसे कमावतात.

केंद्रातल्या माणसांना घाईची कल्पना होती. पाणी सोडण्याच्या आठवडाभर आधी, १७ एप्रिल २०१४ रोजी, तिथल्या प्रयोगशाळा पर्यवेक्षकाने राज्याच्या खात्याला ईमेल केला. वरच्यांना लवकरात लवकर पाणी सोडायचं आहे, येत्या दोनेक आठवड्यांत ते सोडलं तर ते माझ्या सांगण्याविरुद्ध असेल, असा त्याचा आशय होता. करारात अशा इशाऱ्याला कुठेच जागा नव्हती. पाणी सोडायला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कुणाला, हे लिहिलेलंच नसेल तर तो अधिकार ज्याच्या हातात तारीख असते त्याच्याकडे जातो.

मधलं वर्ष

ऑगस्ट-सप्टेंबर २०१४ मध्ये जिवाणू सापडले आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. क्लोरीन वाढवला. नदीतल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला घातक संयुगं वाढली. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्याला हे पाणी घेणं बंद केलं, कारण धातूचे भाग गंजत होते. जानेवारी २०१५ मध्ये ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा ओलांडल्याची नोटीस घरोघर गेली. कारखान्याच्या लोखंडाला जे सोसवलं नाही ते माणसांच्या नळ्यांना सोसवेल का, हा प्रश्न रस्त्यावरचे लोक विचारत होते. फाईलमध्ये तो अजूनही नव्हता.

दुसरी निवड

जानेवारी २०१५ मध्ये शहराने पाण्याच्या गुणवत्तेसाठी सल्लागाराचे प्रस्ताव मागवले. आता आणीबाणी व्यवस्थापक जेराल्ड अँब्रोझ होते. फेब्रुवारीत व्हिओलिया ही बलाढ्य जागतिक कंपनी नेमली गेली. शुल्क ४०,००० डॉलर.

मागणीपत्राची भाषा बरीच रुंद होती. शुद्धीकरणाची प्रक्रिया आणि वितरण जाळं दोन्ही तपासा, राज्याच्या आणि संघराज्याच्या नियमांची पूर्तता टिकवण्यासाठी शिफारशी करा, मान्य झालेल्या शिफारशी अमलात आणायला मदत करा, असा तिचा सूर. नळांचं जाळं आलं, संघराज्याचे नियम आले, म्हणजे शिसं-तांबे नियमही आला असं कुणीही म्हणेल. पण शहराची तातडीची ओरड ट्रायहॅलोमिथेन आणि गढूळ, तपकिरी पाणी यांची होती. कंपनीचं पुढे न्यायालयात सातत्याने म्हणणं राहिलं की आमचं काम ट्रायहॅलोमिथेनपुरतं मर्यादित होतं आणि डेट्रॉइटकडे परतणं हा पर्याय आमच्यासमोर ठेवलाच नव्हता. राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१६ मध्ये दावा लावला तो याच्या उलट भूमिकेवर. एकच करार, दोन वाचनं, आणि त्यावर जवळजवळ दशकभर खटला.

अशा वेळी मी शुल्काकडे पाहतो. कागदावरची भाषा काहीही असो, कामाची खरी हद्द शुल्क सांगतं. एक लाख वस्तीच्या शहराचं केंद्र, जाळं, संघराज्याचे सगळे नियम आणि अंमलबजावणी हे सगळं ४०,००० डॉलरमध्ये होणार नाही, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. तरी दोघं सही करतात. मागणाऱ्याला रुंद शब्द हवे असतात, कारण परिषदेत दाखवता येतात. देणाऱ्याला लहान रक्कम चालते, कारण मोठं नाव दारातून आत येतं आणि पुढे मोठं काम मिळू शकतं. दोघांमधली ही मूक समजूत हा सल्लागार निवडीतला सगळ्यात महागडा दोष आहे. निविदा काढल्याने तो जात नाही. उलट कमी दराची स्पर्धा असेल तर तो वाढतो.

१८ फेब्रुवारी २०१५ रोजी, नेमणुकीनंतर जेमतेम आठवडाभराने, कंपनीने नगर परिषदेच्या समितीपुढे अंतरिम निष्कर्ष मांडले: पाणी नियमांच्या मर्यादेत आहे, सुरक्षित आहे. त्याच दिवशी शहरातल्या एका घराच्या नळाचा नमुना घेतला गेला होता. त्यात शिसं निघालं दर अब्ज भागांत १०४. ज्याच्या वर गेलं की यंत्रणेला उपाय करावे लागत, ती कृतीची मर्यादा तेव्हा १५ होती. हा निव्वळ योगायोग. समितीपुढे बोलणाऱ्यांच्या हाती तो निकाल असण्याचं कारण नव्हतं. पण ‘सुरक्षित’ हा शब्द कोणत्या तपासण्यांवर उभा आहे हे समितीतल्या कुणी विचारलं असतं, तर शिसं त्या यादीत नाही हे त्या संध्याकाळीच कळलं असतं.

१२ मार्चच्या अंतिम अहवालात पॉलिफॉस्फेटची शिफारस होती, पण तपकिरी रंगाच्या तक्रारींवर उपाय म्हणून. त्याच अहवालात फेरिक क्लोराइडची मात्रा वाढवायची शिफारसही होती. ट्रायहॅलोमिथेनच्या दृष्टीने ती बरोबर, कारण सेंद्रिय द्रव्य जास्त निघतं. शिशाच्या दृष्टीने उलटी, कारण क्लोराइड वाढतं आणि पाण्याची आम्लता वाढण्याकडे कल होतो. एका प्रश्नाचं बरोबर उत्तर दुसऱ्या प्रश्नाला बिघडवू शकतं. दुसरा प्रश्न कामाच्या यादीतच नसेल तर हा बिघाड कुणाच्या नजरेलाही येत नाही.

२३ मार्चला नगर परिषदेने सात विरुद्ध एक मतांनी डेट्रॉइटकडे परतण्यासाठी जे करता येईल ते करावं असा ठराव केला. अँब्रोझ यांनी तो अनाकलनीय ठरवला आणि अधिकार त्यांच्याकडे असल्याने तो तिथेच राहिला.

मागणीपत्र मी लिहिलं असतं तर

इथे थोडा रेंगाळतो, कारण अभियंता म्हणून मला यातच रस आहे.

कामाच्या व्याप्तीचं पहिलं वाक्य केंद्रापासून सुरू केलं नसतं. ‘स्रोत बदलल्यावर ग्राहकाच्या नळातलं पाणी प्रत्येक नियमाच्या मर्यादेत राहील याची खात्री, आणि तशी खात्री देता येत नसेल तर तसं लेखी सांगणं’, एवढंच. केंद्राची दुरुस्ती त्याखाली येते. या एका वाक्याने प्रस्ताव देणाऱ्या कंपनीला आपल्या गटात गंजाचं रसायन जाणणारा माणूस दाखवावा लागतो. तो कोण आणि या कामावर प्रत्यक्ष किती दिवस असणार हे मी गुणांकनात घेतलं असतं. बड्या कंपन्यांच्या प्रस्तावात पहिल्या चार पानांवर दिग्गजांचे परिचय असतात आणि जागेवर दोन वर्षांच्या अनुभवाची मुलं येतात. दिवस मोजले की हा खेळ लगेच दिसतो.

मग नळांची माहिती. फ्लिंटमध्ये कोणत्या घराला शिशाची नळी आहे याच्या नोंदी हजारो जुन्या कार्डांवर होत्या, काही हाताने लिहिलेल्या, काही पुसट. त्या नोंदी लावणं हे कंटाळवाणं काम सल्लागाराच्या पहिल्या महिन्यात यायला हवं होतं. पुढे शहराला दहा हजारांहून अधिक नळ्या खोदून बदलाव्या लागल्या, तेव्हा तीच कार्डं धुंडाळावी लागली.

चाचण्या दोन प्रकारच्या. केंद्रासाठी जार चाचणी, म्हणजे काचेच्या भांड्यांत कच्च्या पाण्यावर वेगवेगळ्या मात्रा करून पाहणं. ती स्वस्त आहे, रोज होते, आणि नदीच्या पाण्याला प्रत्येक ऋतूत करावी लागते, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ नदीत येतं. दुसरी नळांसाठी: शहरातून खरोखर उखडून आणलेल्या शिशाच्या नळ्या जोडून त्यातून नवं पाणी फिरवत ठेवायचं आणि किती शिसं सुटतं ते महिनोन् महिने मोजायचं. पूर्ण अभ्यासाला सहा महिन्यांहून जास्त लागतात. जून ते एप्रिल या दहा महिन्यांत तो बसवता आला असता, ओढूनताणून. तेवढंही जमत नसेल तर शिशाचे लहान तुकडे दोन्ही पाण्यांत ठेवून काही आठवड्यांत दिशा तरी कळते. जुनं आणि नवं पाणी शेजारी ठेवून तुलना करणं इतकं साधं काम आहे, की ते कराराच्या यादीत नव्हतं यावर विश्वास बसत नाही.

दराचं काय? अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्याने संघराज्याच्या कामांसाठी अभियंता आणि वास्तुविशारद निवडताना आधी पात्रतेवर क्रम लावायचा आणि मग पहिल्याशी दर ठरवायचा, अशी पद्धत घालून दिली. तिच्यामागचं तर्कशास्त्र मला पूर्ण पटतं. सल्लागाराचं शुल्क प्रकल्पाच्या खर्चाचा लहानसा भाग असतं आणि त्यातली काटकसर पुढे बांधकामात आणि चालवण्यात अनेकपटींनी महाग पडते. पण फ्लिंटच्या बाबतीत हेही अपुरं पडलं असतं. चुकीचा प्रश्न घेऊन सर्वोत्तम कंपनी निवडली, तर चुकीच्या प्रश्नाचं उत्तम उत्तर मिळतं. पात्रतेवर क्रम लावायच्या आधी समितीने आपलं मागणीपत्रच एखाद्या बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्यायला हवं. त्याला आठवड्याचं मानधन लागतं.

आणि थांबे. करारात दोन-तीन ठिकाणी लिहावं लागतं की या चाचणीचा हा निकाल आला नाही तर पाणी सोडायचं नाही, आणि तसं लेखी कळवणं सल्लागाराचं बंधन आहे, त्याने शुल्क कापलं जाणार नाही. शेवटची अट महत्त्वाची. प्रकल्प पुढे सरकला तरच पैसे मिळत असतील, तर ‘थांबा’ कोण म्हणेल?

या सगळ्याने फ्लिंट वाचलं असतं का? मी तसा दावा करणार नाही. आणीबाणी व्यवस्थापकाला तारीख हवी होती, राज्याच्या खात्याने चुकीचा अर्थ लावला होता, आणि चांगला अहवालही त्यांनी बाजूला ठेवला असता. पण मग तो बाजूला ठेवलेला अहवाल अस्तित्वात असता. नगर परिषदेतल्या एखाद्याने, वार्ताहराने किंवा तिथल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाने तो वाचला असता. प्रत्यक्षात त्या लोकांना स्वतः पुरावा गोळा करावा लागला. व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने रहिवाशांबरोबर घरोघरचे नमुने घेतले. २४ सप्टेंबर २०१५ रोजी डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले. नंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त होतं त्यांचं प्रमाण शहरात २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेलं दिसलं.

जबाबदारीची वाटणी

राज्यपालांनी नेमलेल्या कृतिदलाने मार्च २०१६ च्या अहवालात मुख्य जबाबदारी राज्याच्या पर्यावरण खात्यावर ठेवली. ते योग्यच होतं. नियम राखणाऱ्यानेच नियम चुकीचा वाचला. सल्लागारांचा हिशेब न्यायालयांत झाला. २०२० मध्ये राज्याने ६०० दशलक्ष डॉलरच्या तडजोडीची घोषणा केली. त्यात शहर आणि इतर पक्ष सामील झाल्यावर आकडा सुमारे ६२६ दशलक्षांवर गेला आणि २०११ च्या अहवालातल्या रो कंपनीचाही त्यात छोटा वाटा होता. दोन्ही सल्लागार कंपन्या त्या तडजोडीबाहेर राहिल्या. २०२२ मध्ये त्यांच्यावरचा पहिला खटला ज्युरीचं एकमत न झाल्याने निष्फळ ठरला. २०२३ मध्ये लॅनने ८ दशलक्ष डॉलरवर तडजोड केली, २०२४ मध्ये व्हिओलियाने २५ दशलक्षांवर आणि २०२५ मध्ये आणखी ५३ दशलक्षांवर. दोघांनीही आपली चूक मान्य केलेली नाही.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं आणि डिसेंबरमध्ये जादा ऑर्थोफॉस्फेट घालायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगर परिषदेने डेट्रॉइटच्या यंत्रणेची वारस असलेल्या ग्रेट लेक्स जल प्राधिकरणाशी तीस वर्षांचा करार मंजूर केला. ज्या केंद्राला कारेगनाँडीचं पाणी शुद्ध करायला कायमचं चालवायचं म्हणून जून २०१३ चा तो ठराव केला होता, ते त्या कामासाठी लागलंच नाही.